पुढे कोठे जाणार

चिखलदऱ्याच्या लहानमोठ्या लॉजमध्ये उतरणाऱ्यांची नोंद ज्या वहीत होते, तिच्यात कोठून आले आणि पुढे कोठे जाणार असे दोन रकाने हमखास असतात, आणि त्यांतला दुसरा जितक्या निष्काळजीपणे भरला जातो तितका निष्काळजीपणा एखाद्या सरकारी कागदावरही क्वचितच आढळेल. नाव, वय, गाव, माणसे किती, येण्याचे कारण काय, येथपर्यंत पाहुणा सुतळीने बांधलेले पेन नीट धरतो; त्या रकान्यापाशी आला की मात्र वरच्या नोंदीखाली दोन आडव्या-उभ्या खुणा ओढून मोकळा होतो, त्यामुळे आषाढाचा अख्खा महिना डोंगरावर धुके पाहायला आलेली शेकडो माणसे एकामागून एक परतवाड्यालाच गेली, असा त्या वहीचा दाखला निघतो. पोलिसांनी मागितली तर दाखवायची म्हणून ठेवलेली ही वही एखादा माणूस खरोखरच बेपत्ता झाला, तर तपासाचा पहिला कागद ठरते, आणि जो रकाना तेव्हा सर्वांत मोलाचा असतो तोच तिच्यात खोटा असतो.

डोंगरातले छोटे गाव, तेथील उताराचे घर, लागोपाठ नाहीशी होणारी माणसे आणि त्यांचा छडा लावू पाहणारा घराचा मालक, अशी मांडणी इंग्रजी रहस्यकथांच्या वाचकाला नवी नाही. मराठी रहस्यकथेने मात्र तपासाचे काम बहुधा मुंबईच्या मोटारवाल्या गुप्तहेराकडे सोपवले आणि लॉजच्या मालकाला फडक्याने टेबल पुसत एखाददुसरे वाक्य बोलण्यापुरते ठेवले, हा त्या मालकावर अन्यायच म्हणायला हवा. पाहुण्याची पिशवी किती जड होती, रात्री त्याला जेवण गेले की नाही, सकाळी पैसे कोणी मोजले आणि निघताना कोण कोणाच्या मागून चालले होते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणी पाहिलेले नसते. त्याच्यात उणीव असते ती एकच, आणि तीच सगळा तपास अडवते: तो कोणाची वाट पाहत नसतो. माणूस हरवतो तो त्याची वाट पाहणाऱ्यांच्या लेखी. उताराच्या घरातून तो फक्त निघून गेलेला असतो.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यालाही हे उमगलेले दिसते. त्याच्या १०८व्या कलमानुसार, एखादा माणूस हयात असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती अशांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडे. कोणी पाहिले, याची चौकशी हे कलम करत नसे. कोणाला कळायला हवे होते, एवढेच ते विचारी.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मध्य भारताच्या वाटांवर ठगांनी जो व्यवसाय चालवला, त्याचे भांडवल नेमके हेच होते. ठग म्हणजे प्रवाशाशी गोड बोलून ओळख करणाऱ्या, काही मजल त्याच्या सोबतीने चालणाऱ्या आणि सोयीच्या जागी रुमालाने गळा आवळून त्याला पुरणाऱ्या टोळ्या. त्यांच्या सांकेतिक बोलीत सावज गळाला लावणारा तो 'सोथा' आणि खड्डा खणणारा तो 'लुघा'. सोथ्याचे काम बहुधा सराईत होई. सराई म्हणजे वाटेवरचे भिंतबंद मुक्कामाचे ठिकाण आणि तेथे शिधापाणी, खाट, चारा पुरवणारा तो भटियारा. भटियाऱ्याने पाहिलेले असे ते इतकेच, की एकटा आलेला माणूस सकाळी चारचौघांच्या सोबतीने, हसतखेळत बाहेर पडला. यात संशय घ्यावा असे काय होते? घरी वाट पाहणाऱ्यांना तो दोन महिन्यांनी येणार की सहा, हे ठाऊक नसे. ठाऊक असले तरी कोणत्या मुक्कामानंतर माग तुटला, हे कळायला मार्ग नसे. या प्रकाराची पहिली ठळक शंका लष्करात यावी, हे म्हणूनच साहजिक होते. कंपनीच्या फौजेतला शिपाई रजेवर जाई तेव्हा परतण्याचा दिवस हजेरीपटावर लिहिलेला असे, आणि त्या दिवशी तो आला नाही की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडे. १८१० मध्येच शिपायांना रोख पैसा अंगावर बाळगू नये आणि वाटेत अनोळखी सोबत धरू नये, असा लष्करी हुकूम निघाला होता. पुढे विल्यम स्लीमन १८२२ पासून नरसिंगपूरला जिल्ह्याचा कारभार पाहत असता ठगांची एक टोळी त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर कंदेली गावात राहत होती, आणि एका मजलेवरच्या मंदेसूरच्या आमरायांत प्रवासी पुरले जात होते, हे त्याला कित्येक वर्षांनी माफीच्या साक्षीदारांकडून कळले. ठगांविषयीचे किती खरे आणि किती कंपनी सरकारने आपल्या सोयीने फुगवलेले, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. माणसे वाटेत नाहीशी होत होती, हे मात्र कोणी नाकारत नाही. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने लिहिलेल्या फिलिप मेडोज टेलर याच्या कादंबरीत नायक अमीर अली अमरावतीवरूनच हैदराबादेकडे जातो. हाच टेलर १८५७ च्या धामधुमीत बुलढाण्याला अधिकारी म्हणून आला, तेव्हा आपण पूर्वी कागदावर उभा केलेला मुलूख त्याला प्रत्यक्ष कसा दिसला असेल, याचे कुतूहल वाटते. १८६७ च्या सराई कायद्याने पुढे सराईवाल्याला नोंदणी सक्तीची केली, पहारेकरी ठेवायला लावले, आणि हुकूम झाल्यास आदल्या दिवशी-रात्री कोण उतरले होते याची वर्दी देण्याचे काम त्याच्यावर सोपवले. लॉजच्या वहीचे मूळ अशा कायद्यांत शोधावे लागते.

चिखलदरा हे गिरिस्थान म्हणून १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या रॉबिन्सन नावाच्या कप्तानाने शोधले, असे सांगण्याची रीत आहे. शेजारचा गाविलगड वीस वर्षांपूर्वी, १५ डिसेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या सैन्याने रक्तपात करून घेतलेला होता, तेव्हा या शोधाला शोध म्हणण्यात थोडी गंमतच आहे. वऱ्हाडी माणसाच्या लेखी हा डोंगर त्याच्या कितीतरी आधीपासून विराटाच्या राज्यातला. मेळघाटातले सर्वांत उंच ठिकाण वैराट, भीमाने कीचकाला लोटले ती दरी, त्याने हातपाय धुतले ते भीमकुंड. विद्वान विराटनगर राजस्थानात जयपूरच्या बाजूला दाखवतात आणि वाईकरांचाही आपला दावा आहे; वऱ्हाडाने या वादात पडण्याचे कारण नाही, कारण ज्या मुलखातून रुक्मिणी अंबादेवीच्या देवळातून दिवसाढवळ्या नाहीशी झाली त्याला पुराव्याची फिकीर कशाला? विराटपर्व हे मुळात बेपत्ता माणसांच्या तपासाचे पर्व आहे. अज्ञातवास, म्हणजे ओळख पटू न देता काढायचा काळ, पांडवांना एक वर्षाचा होता, आणि दुर्योधनाच्या हेरांनी त्या वर्षात राने, डोंगर, नगरे पालथी घातली. हाती लागले ते काय, तर पांडवांचे सारथी रिकामे रथ घेऊन द्वारकेला पोचल्याची खबर. कीचक कोणा गंधर्वाकडून रात्री मारला गेला, त्याचा देह असा गोळा झाला होता की मान कोठे आणि पाय कोठे हे कळेना, ही बातमी हेरांनी शत्रू मेला म्हणून आनंदाने सांगितली. सभेतल्या वडीलधाऱ्यांची चर्चा मात्र भीष्मांनी सुचवलेल्या कसोटीकडे गेली, की युधिष्ठिर जेथे असेल तेथे पाऊस वेळेवर पडत असेल आणि गाई दुभत्या असतील, तेव्हा असा प्रदेश शोधा. माणसाचा माग पावलांवरून न काढता त्याच्या असण्याने गावात काय बदलले यावरून काढावा, ही कल्पना आजच्या कोणत्याही तपास-नियमावलीत सापडणार नाही, पण वऱ्हाडातल्या सर्वांत मोठ्या बेपत्ता माणसाच्या बाबतीत तीच एक उपयोगी पडली असती.

तो माणूस म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा त्याचा २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, परिटाचे घर, बाप दारूने गेला आणि आई सखूबाई लेकराला घेऊन मुर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. मामा चंद्रभान याची शेती सावकाराने गिळायला घेतली, तेव्हा सावकाराच्या माणसांना औतासमोरून पळवून लावणारा हा गडी होता, आणि मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारूचे जेवण न देता गोडाचे जेवण घालून पंगत नाराज करणाराही तोच होता. नांगर, बैल, बायको कुंताबाई, पोरे, सगळे जागच्या जागी ठेवून तो १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री घरातून गेला. आजच्या भाषेत दुसऱ्या दिवशी ठाण्यात 'मिसिंग' दाखल झाली असती, आणि वर्णनाच्या जागी लिहिले गेले असते: वय सुमारे एकोणतीस, बांधा मजबूत, अंगावर फाटके कपडे, हातात काठी, सोबत मातीचे गाडगे.

या वर्णनावरून त्याला कोणी ओळखले नसते असे नव्हे; उलट ज्याने एकदा पाहिला तो त्याला विसरलाच नसता. चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा आणि डोक्यावर पालथे घातलेले तेच गाडगे, जे भूक लागली की ताट होई. लपणारा माणूस सहसा गर्दीसारखा दिसण्याची धडपड करतो. हा माणूस सर्वांच्या नजरेत भरत हिंडला आणि तरी घरच्यांना अज्ञात राहिला. नाव तो सांगत नसे, त्यामुळे ज्या मुलखात जाई तेथले लोक त्याला पेहरावावरून नाव देत: कोठे चिंधेबुवा, कोठे गोधडेबुवा, कोठे लोटके महाराज. एखाद्या भटियाऱ्याने इमानेइतबारे वही ठेवली असती, तरी प्रत्येक वहीत निराळा माणूस उतरलेला दिसला असता, आणि तोही बहुधा उतरलेला नव्हताच, कारण तो ओसरीवर किंवा झाडाखाली झोपे. भीष्मांची कसोटी लावली असती तर मात्र काम सोपे होते. ज्या गावात तो शिरे त्या गावच्या वाटा तो आधी खराट्याने झाडून काढी, गटारे उपसून वाहती करी, मग भाकरी मागे, संध्याकाळी कीर्तनात लोकांना देवाविषयी, कर्जाविषयी, दारूविषयी असे प्रश्न विचारी की उत्तरे त्यांच्याच तोंडून निघत, आणि लोक पायावर डोके ठेवायला उठत तोवर हा पुढच्या वाटेला लागलेला असे. झाडलेल्या गावांची ओळ पकडत कोणी चालले असते तर गाठ पडली असती. १९०५ ते १९१७ हा त्याच्या आयुष्यातला काळ चरित्रकार अज्ञातवास म्हणूनच सांगतात, पण त्यातही १९०८ मध्ये पूर्णेकाठच्या ऋणमोचनला, जेथे पौषात यात्रा भरते, घाट उभा राहिला, आणि घाट बांधणारा माणूस किती दिवस अज्ञात राहणार? १०८व्या कलमाची सात वर्षे येथे लागू पडण्याचा प्रश्नच मिटला.

घर सोडून नाहीसा झालेल्या या माणसाने पुढे महाराष्ट्रभर उताराची घरे बांधावीत, ही गोष्ट चरित्रग्रंथांत परोपकाराच्या सदराखाली टाकली जाते, आणि त्याने ती फारच गुळगुळीत होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ मधली. धर्मशाळा म्हणजे यात्रेकरूला भाड्यावाचून राहता यावे म्हणून दानातून उभारलेले घर, आणि ही धर्मशाळा त्यांच्यासाठी होती ज्यांना इतर धर्मशाळांच्या दाराशीच जात विचारली जाई. नाशिक, देहू, आळंदी, आणि १९२५ च्या सुमारास मुर्तिजापूर, जेथे धर्मशाळेबरोबर गोरक्षण आणि विद्यालयही आले. नाशिकला सदावर्त, म्हणजे येईल त्याला रोजचे अन्न, सुरू झाले. स्वतः डेबूजी, म्हणजे लोकांचे गाडगे महाराज, मात्र यांतल्या कोणत्याही छताखाली निजायला नाखूश असत, आपली भाकरी बाहेरून मागून आणत, अशा आठवणी सर्वत्र सांगितल्या जातात. १९४९ मध्ये चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली गेली, तेव्हा एवढी वास्तू हातावेगळी करताना त्यांना जड गेल्याचे दिसत नाही. जो घरमालक स्वतःच वाटसरू आहे, त्याला किल्ल्यांचा जुडगा कमरेला कशाला हवा? असा घरमालक रहस्यकथेला परवडणारा नाही, कारण सर्वांत जास्त दिवस बेपत्ता असलेला इसम तोच निघायचा. अमरावती-परतवाडा रस्त्यावर वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, चालत्या गाडीत, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्या त्याच पुलावरून जातात.

मेळघाटात अलीकडे माणसांपेक्षा गावेच नाहीशी होतात. व्याघ्रप्रकल्प १९७४ चा. त्यानंतर पुनर्वसनात कोरकूंची कित्येक वस्तीठिकाणे उठली, वैराटही उठले, आणि तेथे गवत माजले की वाघाला सोयीचे होते. या गावांच्या नोंदी निदान सरकारी कागदांवर आहेत. रानपिंगळ्याची गोष्ट याहून विचित्र होती. सातपुड्यातले हे छोटे घुबड १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन याने टिपल्यानंतर एकशे तेरा वर्षे कोणाला सापडले नाही, आणि मधल्या काळातला एकमेव दाखला म्हणजे रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मारलेला पक्षी. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली पेंढा भरलेली कातडी तपासली, तेव्हा शिवणीवरून आणि आतल्या कापसावरून उघड झाले, की हा पक्षी १९१४ चा नव्हेच. तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला, नवे टाके घालून नवी चिठ्ठी लावलेला होता. त्या चिठ्ठीवरचे ठिकाण खरे मानून शोधणाऱ्यांचे श्रम वाया गेले होते. ती नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांची यादी हाती धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये निघाले, आणि शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर त्यांना तो बसलेला दिसला. पुढच्या पाहण्यांत मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. घुबड असून हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो, निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, आणि माणूस जवळ आला तरी लगेच उडत नाही.