सही येते, वाचता येत नाही

१९७६ साली भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी जनता कॉलनी हटविली आणि माणसे ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पात आणली. तेव्हापासून घरोघरी कागदांची पिशवी जपलेली. आमच्या प्रौढवर्गात माता-भगिनी ती घेऊनच येतात. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानंतर अनेकींचा अंगठा सुटला. पण सही कशाखाली केली, ते कळेना. कागद इंग्रजी!

म्हणून आम्ही ‘ए फॉर ॲपल’ बाजूला ठेवले. (सफरचंद परवडते कुणाला?) लाईटबिल, बँकेची स्लिप, औषधाची पट्टी हीच आमची पुस्तके. परवा साठीच्या एका आजींनी पट्टीवरची ‘एक्सपायरी’ वाचली, दुकानदाराकडून पट्टी बदलून आणली. आता विचारतात, “दादा, कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर इंग्रजीत काय म्हणायचं?”

फळ्यावर लिहिले, ‘फर्स्ट फिल, देन साईन’. सगळ्याजणी घोकताहेत.