खपली

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात पोलादी पत्रे जोडकामाआधी स्वच्छ करून घेण्याच्या खात्यावर होते. मी साहित्याचा मास्तर. त्यांच्या कामाला मी पुष्कळ वर्षे 'रंगकाम' म्हणत आलो. रंग नंतर येतो. आधी खपली काढायची असते.

तापलेला पत्रा रोलिंग मिलमधून निघतो तेव्हा त्याच्यावर ऑक्साइडचा निळसर-काळा, तुळतुळीत पापुद्रा असतो. कारखान्यात त्याला मिल स्केल म्हणतात, अण्णा खपली म्हणत. पाहणाऱ्याला ती संरक्षकच वाटावी. पण ती ठिसूळ असते. पत्रा उचलता-वाकवताना तिला तडे जातात, त्यांतून ओल शिरते, आणि उघड्या पडलेल्या पोलादाला ती खपलीच गंजायला भाग पाडते. (हे मी वर्गात रूपक म्हणून वापरले होते. अण्णांना ते मुळीच आवडले नाही.)

म्हणून पोलादी छर्ऱ्यांच्या माऱ्याने पत्रा जवळजवळ पांढरा करायचा. 'एसए अडीच' हा दर्जा अण्णांच्या तोंडी सतत असे. मग काही तासांच्या आत जस्ताचा शॉप प्रायमर. जाडी जेमतेम 15 ते 25 मायक्रॉन; जास्त झाली तर वेल्डिंगच्या सांध्यात वायूची छिद्रे राहतात. उघड्यावर पडून राहण्याचे काही महिने निभावणे, एवढेच त्या थराचे काम.

पावसाळा हा अण्णांचा वैरी. आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूहून निदान तीन अंशांनी जास्त नसले, तर काम थांबवायचे. 1994 च्या जुलैत छर्रे मारून झाले आणि वीज गेली. सकाळी पत्र्यांवर नारिंगी झाक. नियमाने पुन्हा छर्रे मारायला हवे होते. वरून निरोप आला, प्रायमर मारून टाका. अण्णांनी मारला आणि नोंदवहीत सही केली. त्या वर्षी मी एम. ए.ला होतो. फी त्याच पगारातून गेली.

हे त्यांनी मला 2011 साली सांगितले, चहा पिता पिता, काही निमित्त नसताना. मी म्हणालो, "अण्णा, तुमचा नाइलाज होता."

"तू पत्रा पाहिला नव्हतास," ते म्हणाले.

ते पत्रे पाण्याच्या टाकीसाठी होते. कुठल्या गावच्या, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. लहान-मोठी कुठलीही लोखंडी टाकी दिसली की ते थांबत आणि खालच्या सांध्यावर नख फिरवून पाहत.