सावत्र आईची कैफियत

वाई,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. वसुधेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे जाड पाकीट परवा पोचले. त्यात पत्र चार ओळींचे आणि गोष्ट बावीस पानांची, हे प्रमाण पाहूनच मी सावध व्हायचे. पण तुझे अक्षर दिसले की तुझ्या मामीला धीर निघत नाही. तिने ती गोष्ट ओटीवर उभ्यानेच वाचायला घेतली आणि अर्ध्यावर आल्यावर चष्मा काढून माझ्याकडे नुसते पाहिले. ते पाहणे तुला ठाऊक आहे. तू विचारलेस ते एवढेच, की ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीची दुष्ट राणी ही सावत्र नसून सख्खी आई होती हे खरे काय, आणि खरे असल्यास आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तसे लिहावे काय. याचे उत्तर पोस्टकार्डावर मावले असते. पण गोष्ट वाचल्यावर पोस्टकार्ड पुरेनासे झाले.

आधी तुझ्या प्रश्नाचा निकाल लावतो. होय, खरे आहे. १८१२ साली बर्लिनला ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड निघाला, त्यात स्वतःच्या पोटच्या मुलीचे रूप सहन न होऊन तिला रानात मारायला धाडणारी बाई ही तिची जन्मदात्रीच आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला बाळंतपणातच मरण आले आणि तिच्या जागी सावत्र आई रुजू झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचा तोच फेरफार व्हायला १८४० ची चौथी आवृत्ती उजाडावी लागली. टीपा-टिप्पण्यांनी लादलेला विद्वानांचा ग्रंथ घराघरांतून मुलांच्या हाती पडू लागला, तेव्हा मातृत्वाच्या पावित्र्यास बाध येऊ नये म्हणून धाकट्या विल्हेल्मने ही डागडुजी केली असावी, असे जाणकार मानतात. इथवर तुझी बाजू भक्कम आहे.

पण एवढ्यावर हर्षभरित होऊन ‘सावत्र आई ही ग्रिमांची कारागिरी’ असे जे विधान तू चौथ्या ओळीत ठोकून दिले आहेस, ते मात्र खोडून टाक. पेरोने १६९७ साली पॅरिसला सिंड्रेला छापली, तीत सावत्र आई आहे. त्याच्याही आधी बासिलेच्या मरणोत्तर, १६३४ साली नेपल्सला छापून निघालेल्या संग्रहात एक सोडून दोन सावत्र आया आहेत, आणि त्यांतल्या पहिलीची मान ती गरीब बिचारी नायिकाच पेटाऱ्याचे झाकण आपटून मोडते. आणि नवव्या शतकातल्या चिनी कथेत येह-श्येनच्या लाडक्या माशाला मारून खाणारीही सावत्र आईच. तेव्हा अमुक एक मूळ दस्तऐवज आणि बाकीच्या सगळ्या बनावट नकला, असे या कथांचे दप्तर लावताच येत नाही. ज्याने त्याने आपल्या श्रोत्यांकडे पाहून सांगितले. पेरोसमोर दिवाणखान्यातल्या सुसंस्कृत बायका होत्या, म्हणून भोपळ्याची गाडी झाली, काचेचा जोडा झाला आणि शेवटी दुष्ट बहिणींनाही क्षमा मिळून सरदारांची स्थळे मिळाली. ग्रिमांच्या १८१९ च्या पाठात त्याच बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात.

हे मी अशासाठी लिहितो, की मामा जुन्या वळणाचे, त्यांना नवे पुनर्कथन रुचत नाही, असा सोयीचा समज तू करून घेऊ नयेस. अँजेला कार्टरचे १९७९ चे ‘द ब्लडी चेंबर’ तुझ्या आईनेच, आमच्या ताईने, फोर्टातल्या रस्त्यावरच्या पुस्तकांतून उचलून आणले होते, आणि ते आम्ही दोघांनी एकमेकांच्या हातून ओढून वाचले. पेरोच्या निळ्या दाढीवाल्याकडून नवरीला सोडवायला तिचे भाऊ येतात. कार्टरच्या कथेत येते ती नवरीची आई, घोड्यावर बसून, दिवंगत नवऱ्याचे पिस्तूल घेऊन, आणि एका गोळीत जावयाचा हिशेब चुकता करते. ताई त्या पानावर मोठ्याने हसली होती. (तुझ्या पहिल्या लग्नाच्या वेळी तिने जे केले, ते आठवले म्हणजे मला अजून वाटते की ते पुस्तक तिच्या हाती पडायला नको होते, किंवा आणखी आधी पडायला हवे होते.) असे पुनर्कथन जुन्या कथेचे काही हिरावून घेत नाही, उलट, इतकी वर्षे ती आई होती कुठे, हा आपल्याला न सुचलेला प्रश्न विचारते.

माझी उमेदीची वर्षे कोर्टाच्या दफ्तरखान्यात गेली, म्हणून मला या नव्या कथांचे आकर्षण तिथल्याच भाषेत कळते. जुन्या कथेत फिर्याद आहे, जबान्या आहेत, शिक्षेचा हुकूम तर फारच ठळक आहे. नाही ती आरोपीची कैफियत. नवा लेखक ती दाखल करून घेतो, आणि शतकानुशतके ज्यांना कुणी ‘तुझे म्हणणे काय’ असे विचारले नाही, त्यांचे तोंड उघडते. ‘मॅलेफिसेंट’ हा २०१४ चा चित्रपट तू मला मुद्दाम पाहायला लावलास. त्यात शाप देणारी बाई मुळात विश्वासघाताने पंख गमावलेली आहे, आणि निजलेल्या राजकन्येला जागी करणारे चुंबन राजपुत्राचे नसून तिचेच ठरते. मला तो आवडला, हे मी तेव्हा कबूल केले नव्हते. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या मंडळींकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, की मुलांपेक्षा त्यांना घेऊन आलेल्या आयाच अधिक सद्गदित झाल्या होत्या. जुन्या कथेत ज्या प्रौढ माणसाला आपल्यावरचा आरोप ऐकत बसावे लागे, तो इथून निर्दोष सुटून घरी जातो! या साऱ्या साहित्याची लोकप्रियता पुष्कळशी या सुटकेत आहे असे मला वाटते, आणि ही सुटका मुलाच्या खर्चाने झाली की माझा विरोध सुरू होतो.

आता तुझी गोष्ट. तीत सावत्र आई पहाटे उठते, डबा करते, मुलीचा झगा रात्र रात्र जागून शिवते, मुलगी बोलत नाही, आई सोसते, आणि राजवाड्यातून परतल्यावर मुलगी तिला ‘आई’ म्हणून हाक मारते. ग्रिमांच्या कथेत सावत्र आई राखेत मसूर ओतून पोरीला ते वेचायला बसवते. तू ते मसूर मुलीच्याच हातून रागाने सांडवलेस आणि दोघींना मध्यरात्रीपर्यंत समोरासमोर वेचायला बसवलेस. हा प्रसंग फार सुरेख उतरला आहे. तुझ्या मामीने चष्मा काढला तो तिथेच. पण मुलगी साऱ्या गोष्टीत बोलते ती किती? कैफियत ऐकायची म्हणून फिर्यादीलाच बाहेर बसवलेस, ही कुठली सुनावणी?

आणि ते झाड कुठे गेले, वसू? ग्रिमांच्या कथेत परी नाही, भोपळा नाही. आहे ते मेलेल्या आईच्या थडग्यावरचे हेझलचे झाड. बाप जत्रेला निघतो, सावत्र मुली सुंदर कपडे आणि मोती मागतात. ही म्हणते, परतताना जी पहिली डहाळी टोपीला लागेल तीच मला आणा. ती डहाळी मुलगी आईच्या थडग्यापाशी लावते, तिच्या डोळ्यांच्या पाण्यानेच डहाळी रुजते, दिवसातून तीनदा ती तिथे जाते, आणि सोन्याचा पोशाख, जोडे, सारे त्या झाडावरून पडते. तू पोशाख ठेवलास, तो सावत्र आईकडून शिवून घेतलास आणि झाड समूळ काढून टाकलेस. हे तू जाणूनबुजून केले नाहीस, हे मी समजतो. म्हणूनच मला ते अधिक लागले.

त्याच डहाळीवरून बापाची आठवण झाली. सिंड्रेलाचा बाप मेला तो डिस्नेच्या १९५० च्या चित्रपटात. ग्रिमांच्या आणि पेरोच्या कथांत तो हयात आहे, घरातच आहे. राजपुत्र सांगतो की अनोळखी मुलगी कबुतरखान्यात शिरली, तेव्हा बापाच्या मनात येते, ही आपली तर नसेल? आणि तो कुऱ्हाड मागवतो. दुसऱ्या रात्री त्याच शंकेपायी नासपतीचे झाड तोडतो. आणि शेवटी जोडा घेऊन राजपुत्र विचारतो, दुसरी मुलगी नाही काय, तेव्हा हा गृहस्थ सांगतो की नाही, पहिल्या बायकोमागे राहिलेली एक खुरटी पोर तेवढी आहे, ती काही तुमची नवरी असणे शक्य नाही. कबुतरे बहिणींचे डोळे फोडतात. या माणसाच्या वाटेला जात नाहीत. दोनशे वर्षे सावत्र आईवर खटला चालला आणि आता तिच्या बाजूनेही वकील उभे राहिले, पण ज्याच्या घरात हे सारे घडले त्याला समन्स काढायचे कुणालाच सुचले नाही. तुझ्या गोष्टीत तर तो परगावीच आहे. जावईबापू हल्ली पुण्याला किती दिवस असतात?

ब्रूनो बेटेलहाइमने १९७६ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की रागावलेली आई आणि लाडकी आई या एकाच बाईच्या दोन मूर्ती करून कथा मुलाला निर्धास्तपणे रागावण्याची मुभा देते. त्याचे पुष्कळसे म्हणणे मला ओढाताणीचे वाटते. एवढे वाटत नाही, कारण लहानपणची तू माझ्या डोळ्यांसमोर आहेस. चेटकीण भट्टीत नीट जळाल्याशिवाय तुला झोप येत नसे; ताईने दया येऊन तिला पळून जाऊ दिले, त्या रात्री तू गादीवर उठून बसलीस आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलीस. त्याच दुपारी तुला ताईचा मार बसला होता. चेटकीण जळाल्यावर तू ताईच्याच कुशीत झोपलीस. तुझ्या घरातल्या रेवाला ही सवलत का नसावी? सावत्र आईला तिने गोष्टीत तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवावे, खुशाल नाचवावे. तू शेजारी बसून पान उलट. जी गोष्ट ऐकताना ‘बघ, मी किती चांगली आहे’ असे ऐकू येते, त्या गोष्टीसमोर आठ वर्षांच्या पोरीने काय म्हणायचे?

तिला काही निराळे सांगायचे असेल, तर मेरी फ्रियरचे १८६८ चे ‘ओल्ड डेक्कन डेज’ काढ. मुंबईच्या गव्हर्नराच्या या मुलीला त्या गोष्टी तिच्या आयेने, ॲना लिबेराता डिसूझाने सांगितल्या, आणि ॲनाला तिच्या आजीने. त्यात सोदेवाबाई आहे. तिचा जोडा डोंगरावरून खाली पडतो आणि राजपुत्राला सापडतो, पण सावत्र आईचे नाव नाही. वैर आहे ते सवतीचे.

तू गोष्टीविषयी सर्व लिहिलेस. रेवाविषयी अक्षर नाही. ती जेवते का? शाळेतून आल्यावर कुणाशी बोलते? दिवाणखान्यातला तिच्या आईचा तो फोटो आतल्या खोलीत गेला असे मामीच्या कानावर आले आहे. कुणी हलवला ते मला विचारायचे नाही, पण तो रेवाला विचारून हलवला काय? आणि दिवाळीत ती साताऱ्याला आजोळी गेली होती की नाही? गेली नसेल तर नाताळच्या सुट्टीत पाठव, आठवडाभर तरी राहू दे. तिला पोचवायला जावईबापूंनी स्वतः जावे. ड्रायव्हरबरोबर पाठवू नये. असे मी सांगितले म्हणून सांग, माझ्यावर रागावले तर रागावू देत.

तुझा,
अण्णामामा

ता. क. – हस्तलिखित रजिस्टर टपालाने वेगळे पाठवले आहे. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या, शाईच्या मामीच्या. तिच्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या तेवढ्या मान्य कर. प्रकाशकाला अजून होकार कळवला नसशील, तर महिनाभर कळवू नकोस.