रिकाम्या नावाचा पाठलाग

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) हा हेरपट मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद ठेवलेली नाही. एम. ए.च्या वर्गात कथनमीमांसा शिकवताना तो उदाहरण म्हणून हाताशी येतो, हे एक कारण. दुसरे आणि अधिक खरे कारण असे की, १३६ मिनिटांचा हा चित्रपट दर वेळी मला तितकाच रंजवतो आणि संपल्यावर तितकाच अस्वस्थ करतो. त्याच्या बलस्थानांचा आणि उणिवांचा उगम एकच असावा, असे मला वाटत आले आहे. येथे तेवढेच तपासून पाहायचे आहे.

कथानकाच्या केंद्रस्थानी एक पोकळी आहे. जाहिरात व्यवसायातील रॉजर थॉर्नहिल याला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातून शत्रूचे हस्तक जॉर्ज कॅप्लन समजून पळवून नेतात. कॅप्लन नावाचा माणूस मुळात अस्तित्वातच नाही. आपल्या खऱ्या हेरावरचा संशय दुसरीकडे वळावा म्हणून अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने ते नाव रचले आहे. त्या नावाने खोल्या घेतल्या जातात, कपाटात कपडे टांगले जातात. खोली आवरणाऱ्या नोकरांनी मात्र त्याला कधीच पाहिलेले नसते. चिन्हिताविना चिन्हक कसे कार्य करते, हे समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. पटकथाकार अर्नेस्ट लेमन यांनी ही पोकळी नायकापर्यंत आणून भिडवली आहे. आपल्या नावातल्या मधल्या 'ओ' या अक्षराला काही अर्थ नाही, असे थॉर्नहिल स्वतःच सांगतो. कॅप्लनचे कपडे त्याला आखूड होतात. नाव मात्र अंगाला चिकटते ते सुटत नाही.

रूपबंधाच्या दृष्टीने ही पोकळी फार फलदायी ठरते. फवारणीच्या विमानाचा सुप्रसिद्ध प्रसंग पाहावा. अंधारी गल्ली, ओला रस्ता, दिव्याखालची सावली हे हेरपटाचे सारे ठरीव संकेत येथे बाजूला सारले आहेत. भर उन्हातले सपाट माळरान, सरळ रस्ता आणि बराच वेळ काहीच न घडणे, एवढ्यावर भय उभे राहते. पीक नसलेल्या जागी विमान फवारणी करते आहे, हे एका वाटसरूच्या सहज बोलण्यातून कळते. बर्नार्ड हर्मन यांचे संगीत या प्रसंगात मौन पाळते; विमान टँकरवर आदळल्यानंतरच ते परतते. रिकाम्या नावाचा पाठलाग रिकाम्या अवकाशात होतो. आशय आणि अवकाश यांची अशी एकरूपता लोकप्रिय कलाकृतीत विरळाच.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "थॉर्नहिलला मरू द्यावे, असे ठरते, ते आपल्याला खुपत का नाही?" तिचा रोख वॉशिंग्टनमधील बैठकीच्या दृश्याकडे होता. तेथे 'प्रोफेसर' म्हणून ओळखला जाणारा अधिकारी आणि त्याचे सहकारी हस्तक्षेप न करण्याचा निर्णय शांतपणे घेतात. कॅप्लन अस्तित्वात नाही, हे आपल्याला याच दृश्यात कळते. नायकाला ते पुष्कळ नंतर कळते. म्हणजे ज्ञानाचे जे आधिक्य प्रेक्षकाला मिळते, ते त्या टेबलाशी बसूनच मिळते. पुढची सारी उत्कंठा त्याच निर्णयाचे फळ आहे. त्यांनी थॉर्नहिलला वाचवले, तर चित्रपटच संपेल. म्हणून त्यांनी वाचवू नये, अशी आपलीही इच्छा असते. कथनाचे तंत्र आपल्याला राज्यसंस्थेच्या निष्ठुरतेत सहभागी करून घेते, तेही हसत-खेळत.

चित्रपटाला याची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. ईव्ह केंडॉलला पुन्हा व्हॅनडॅमच्या हवाली करायचे, हे कळताच थॉर्नहिल प्रोफेसरशी भांडतो. अशा किमतीवर जिंकण्यापेक्षा एखादे शीतयुद्ध हरलेले बरे, असा त्याचा युक्तिवाद आहे. मात्र या प्रश्नाला सामोरे जाण्याइतकी ईव्ह घडवलेलीच नाही. थॉर्नहिलला त्या माळरानावर मरायला तिनेच धाडलेले असते. त्या कृत्याचे तिच्या मनावर काय ओझे आहे, हे चित्रपट जवळजवळ विचारतच नाही. व्हॅनडॅम कोणती गुपिते नेतो आहे, हेही मोघमच राहते. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या, १९६६ मध्ये ग्रंथरूप झालेल्या संभाषणात हिचकॉक यांनी या मोघमपणाचा अभिमानानेच उल्लेख केला आहे. गुपित रिकामे असले की पाठलाग हलका होतो, हे खरे. पण ते कशासाठी राखायचे, हा प्रश्नही त्याबरोबर हलका होतो.

शेवट माउंट रशमोरवर होतो. १९२७ ते १९४१ या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे ज्या डोंगरात कोरले गेले, तो १८६८ च्या तहाने लकोटांना दिलेल्या आणि १८७७ मध्ये काढून घेतलेल्या भूमीत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये भरपाई मान्य केली. पैसे न स्वीकारता त्यांनी भूमीचाच आग्रह धरला. १९५९ च्या चित्रपटाकडून या इतिहासाची अपेक्षा करणे अनाठायी ठरेल. तरी त्याची ही अखेरची जागाही रिकामी समजूनच वापरली गेली आहे, एवढी नोंद करायला हवी.

कड्यावर लोंबकळणाऱ्या ईव्हला थॉर्नहिल वर ओढतो आणि त्याच ओढण्यात दृश्य बदलते: दोघे रेल्वेच्या डब्यात, विवाहित. संकलनाचा हा अजोड नमुना मी वर्गात नेहमी दाखवतो. त्या एका जोडणीत प्रोफेसरला विचारायचे सारे प्रश्न गळून पडतात, हेही त्याच तासाला सांगावे लागते.