जात्याची वरची तळी

नागपूरला समुद्र नाही. चौपाटी मात्र आहे. फुटाळा तलावाच्या काठाला इथली माणसे मोठ्या हौसेने हे नाव देतात. भोसल्यांच्या या शहराला महाराजबाग, तेलंखेडी, अंबाझरी अशी विसाव्याची ठिकाणे लाभली आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की दिवसभर दारे लावून बसलेले शहर संध्याकाळी तिकडे वळते. आणि माणसे जमली की त्यांच्या मागोमाग भुट्टे भाजणारी बाई येते, फुगेवाला येतो, फुटाण्यांची पाटी येते. त्यांना कोणी आमंत्रण देत नाही. परंतु ते आले नाहीत तर ती संध्याकाळ कोणाला संध्याकाळ वाटत नाही.

अशा ठिकाणी कोणी, कुठे आणि किती वेळ विकावे याला नियम हवेत का? हवेत, असेच मी निःशंकपणे म्हणेन. बाग ही शहराची सामायिक ठेव आहे. ज्या मुलाच्या घराला अंगण नाही त्याचे ते अंगण आहे, आणि वृद्धांची ती ओसरी आहे. वाट अडवणारा ठेला, पाण्यात ढकललेला कचरा यांचे समर्थन करुणेच्या नावाखालीही करता येणार नाही. मात्र नियम करणाऱ्याची दृष्टी विकणाऱ्याच्या पाटीवरच थांबते, की पाटीमागच्या माणसापर्यंत पोहोचते, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने आपल्या देशाने बरीच मजल मारली आहे. रस्त्यावर विकणे हा संविधानाने मान्य केलेला व्यवसाय आहे, मात्र अमुकच जागा मला हवी असा हक्क कोणाला सांगता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात दिला. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा झाला. प्रत्येक शहरात एक समिती असावी, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांची पाहणी व्हावी, आणि ती पुरी होऊन प्रमाणपत्रे हाती पडेपर्यंत कोणालाही उठवू नये, अशीही त्याची आज्ञा आहे. थोडक्यात, आधी ओळख, मग व्यवस्था, असा हा क्रम आहे. हा क्रम उलटला की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका बागेच्या फाटकापाशी अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी येऊन थांबली. क्षणार्धात पळापळ झाली. पेरू विकणारी एक वयस्क बाई मागे राहिली. तिची पाटी गाडीत गेली आणि पाठोपाठ तराजूही गेला. गाडी निघून गेल्यावर ती रडली नाही, भांडलीही नाही. कोणी तरी चौकशी केली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘माल गेला तं गेला जी भाऊ, पण काटा कायले नेला? आता उद्या का इकू मी?’’

तिचा तो प्रश्न ऐकताना मला जुन्या करारातील अनुवादाचे पुस्तक आठवले. त्याच्या चोविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र ऋणकोच्या घरात शिरते आणि धनकोचा हात धरते. दुसरे काही गहाण ठेवून घेतलेस तर घे, पण जाते घेऊ नकोस, जात्याची वरची तळीदेखील उचलू नकोस. कारण जाते नेणे म्हणजे त्या घराचा जीवच गहाण ठेवून घेणे होय. वरची एक तळी उचलली की खालची निरुपयोगी ठरते, हे त्या नियमकर्त्याला ठाऊक होते. पेरू हे त्या बाईचे पीठ होते. तराजू हे तिचे जाते होते.

आश्चर्य असे की, २०१४ चा कायदाही याच उंबरठ्याशी येऊन थांबतो. माल जप्त करावाच लागला तर त्याची यादी करून सहीनिशी तिची प्रत विक्रेत्याला द्यावी. ठरलेले शुल्क भरून त्याने मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, आणि इतर वस्तू कामकाजाच्या दोन दिवसांत परत कराव्यात, असे तो बजावतो. हातात कागद नसलेल्या त्या बाईला यातले काहीच माहीत नव्हते. परवान्याचे खरे मोल इथे कळते. परवाना म्हणजे विकण्याची मुभा तर खरीच; पण आपले नाव कुठेतरी लिहिलेले आहे, आपल्याला नोटीस द्यावी लागेल, आपले म्हणणे ऐकावे लागेल, हा त्यातला आधार अधिक मोठा आहे.

कोणी म्हणेल, प्रभू येशूनेही मंदिरातून विक्रेत्यांना घालवून दिलेच होते. होय; पण योहानाचे शुभवर्तमान सावकाश वाचावे. सराफांचे चौरंग त्याने उलथून टाकले. कबुतरे विकणाऱ्यांना मात्र त्याने ती उचलून न्यायला सांगितले. त्याने पिंजरे फोडले नाहीत, पाखरे उडवून दिली नाहीत. कबुतरांची जोडी हे गरिबांचे अर्पण होते. त्याच्या स्वतःच्या आईनेही बाळाला मंदिरात नेले तेव्हा तसेच अर्पण केले होते. जागा मोकळी झाली, पण कोणाची उपजीविका मातीत मिळाली नाही. क्रोधाच्या क्षणीही त्याने हा विवेक सोडला नाही.

आपल्या चर्चच्या फाटकाशीही सणासुदीला फुलांची, मेणबत्त्यांची पाटी घेऊन कोणी ना कोणी बसते. आपण घासाघीस करतो, दोन रुपये वाचवतो आणि आत जाऊन प्रार्थना करतो. तिचे नाव पाहणीत नोंदले गेले आहे का, तिच्याजवळ प्रमाणपत्र आहे का, हे आपण कधी विचारले आहे? धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली, तर किती तरी अर्ज भरले जातील, आणि कायद्यातला हक्क चार निरक्षर माणसांना त्यांच्या भाषेत समजावून सांगता येईल. दान देण्यापेक्षा हे काम अधिक कष्टाचे आहे. परंतु दानाने एक दिवसाचे पीठ मिळते. जाते घरात राहिले, तर ते घर रोजचे पीठ स्वतः दळून घेते.