टाळ्या कोणाच्या?

१८३२ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ‘ला सिल्फिद’ हा बॅले रंगमंचावर आला आणि मारी ताल्योनी पॅरिसकरांचे दैवत झाली. पायाच्या बोटांच्या टोकांवर ती अशी तरळे, की देहाला भार असतो हेच प्रेक्षकांनी विसरावे. दोनच वर्षांत संचालक लुई व्हेराँ याने व्हिएन्नाची फॅनी एल्सलर आणून तिच्यासमोर उभी केली. हेतू व्यापारी होता: तुलना व्हावी, वाद पेटावा, तिकिटे खपावीत.

वाद पेटलाच. १८३६ मध्ये एल्सलरने ‘काचुचा’ हे स्पॅनिश ढंगाचे नृत्य केले आणि रसिकांत सरळ दोन तट पडले. समीक्षक तेओफिल गोतिए याने ताल्योनीला ख्रिस्ती नर्तकी म्हटले, एल्सलरला मूर्तिपूजक. तो स्वतः एल्सलरचा भक्त. तरी त्याचे हे शब्द पुढे निःपक्ष निवाड्यासारखे उद्धृत होत राहिले! टाळ्यांचाही भरवसा नव्हता. ऑगस्ट नावाचा म्होरक्या भाडोत्री टाळकुट्यांची टोळी घेऊन बसे; गजर कोठे आणि किती करायचा, हे आधीच ठरलेले असे.

ताल्योनी १८३७ मध्ये रशियाला गेली. पुढच्याच वर्षी एल्सलरने सिल्फिदची भूमिका केली, तेव्हा ताल्योनीपंथीयांचा संताप अनावर झाला.

चलचित्र तेव्हा नव्हते. म्हणून दोघींविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे अशा पक्षपाती लेखण्यांतूनच आलेले. ‘काचुचा’च्या पदन्यासाची लिखित नोंद तरी उरली. ताल्योनीच्या ‘सिल्फिद’ची मूळ रचना लोपली, आज बहुतेक ठिकाणी दिसते ती बूर्नोनव्हिलने १८३६ मध्ये कोपनहेगनसाठी बांधलेली.