छायाचित्रातील मोटार आणि १९४२ चे साल

१/ खानदेशातील जुनी छायाचित्रे हल्ली मोबाइलवर 'धुळे, १९३०' किंवा 'जळगाव, १९४०' अशा मथळ्यांनिशी फिरत असतात. ते साल कोणी आणि कशावरून ठरवले, हे क्वचितच कळते. अशा वेळी मी प्रथम रस्त्यावरच्या मोटारीकडे पाहतो.

२/ या साक्षीदाराची मर्यादा आधी ओळखावी. मोटार एवढेच सांगते की, हे छायाचित्र तिच्या जन्माआधीचे नाही. फोर्डच्या मॉडेल टीचे उत्पादन १९२७ मध्ये थांबले; पण आपल्याकडे गाड्या दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालवल्या जात. त्यामुळे ती दिसली म्हणून छायाचित्र १९२७ पूर्वीचे ठरत नाही. चौकटीतील सर्वांत जुनी नव्हे, तर सर्वांत नवी वस्तू शोधावी.

३/ ओळखावे कसे? १९२० च्या दशकातील गाडी उभट, पेटीसारखी. मडगार्ड आणि दिवे अंगाबाहेर सुटे. पुढे ते हळूहळू गाडीच्या अंगात सामावले. हिंदुस्तान मोटर्सची लँडमास्टर १९५४ ची, तर अँबेसेडर १९५७ ची. दोघींचा तोंडवळा बहिणींसारखा. पण अँबेसेडरला मागे लहानसे पंख आहेत. १९६२ च्या 'मार्क टू'ची खूण म्हणजे पुढच्या जाळीतील बारीक चौकटी.

४/ इतर पुरावेही जोडीला घ्यावेत. एस.टी. दिसली, तर १ जून १९४८ च्या आधी जाता येत नाही. पाटीवर एमएच-१८ (धुळे) किंवा एमएच-१९ (जळगाव) असेल, तर काळ १९८९ नंतरचा.

५/ आमच्या आजोळी धुळ्याच्या आग्रा रोडवरील मिरवणुकीचे एक छायाचित्र आहे. पुढच्या रांगेत टोपी घातलेले आजोबा. मागे पेन्सिलीने लिहिलेले '१९४२'. घरात ते चळवळीचा पुरावा म्हणून जपले गेले. भिंग लावून पाहिले, तेव्हा उजव्या कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या गाडीच्या जाळीत बारीक चौकटी होत्या. मार्क टू. म्हणजे १९६२ किंवा त्यानंतर.

६/ मामांना सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अण्णा चळवळीत नव्हतेच का रे?"

७/ या प्रश्नाचे उत्तर मोटारीजवळ नाही. छायाचित्र १९६२ नंतरचे ठरले, म्हणून आजोबांचा १९४२ मधील सहभाग खोटा ठरत नाही. तो सिद्ध करण्यास हे छायाचित्र उपयोगी नाही, एवढेच. त्यासाठी तुरुंगाच्या नोंदी आणि तत्कालीन वृत्तपत्रे चाळावी लागतील. ते काम आता मामांनीच हाती घेतले आहे.

८/ नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. तेथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्यांचे बालसोबती गोळीबारात हुतात्मा झाले. कोणत्याही मिरवणुकीच्या पाठीवर सहज लिहून टाकावे, इतके ते साल स्वस्त नाही.

९/ म्हणून मित्रहो, जुने छायाचित्र पुढे पाठवताना नेमके साल ठाऊक नसेल, तर 'अमुक सालानंतरचे' एवढेच लिहा, आणि ते कशावरून, हेही लिहा. पुढच्या वाचकाला तपासायला वाट राहते.